घरच्या कामाच्या खोलीसाठी ड्रिल यंत्र : पारख व खरेदी

स्मरणिकेच्या संपादक मंडळींनी आम्हांकडे डाळींच्या साठवणुकीवर लेख मागितला होता. तो विषय आमच्या धंद्याचा असल्यामुळे लिहिणे सोपे गेले असते. परंतु त्यावर सांगण्यासारखे जे आहे ते आपल्या बहुतेक सभासदांस आमच्याइतकेच ठाऊक आहे. उलट गेल्या चार-पाच वर्षांत ज्या एका वस्तूविषयी आम्हांस पेढीवर, लग्नकार्यात, इतकेच काय पण बस्तीच्या आवारातही विचारणा झाली ती वस्तू म्हणजे भोके पाडण्याचे उभे यंत्र, ज्यास सर्वजण ड्रिल मशीन म्हणतात. आपल्या घराघरांतील मुले व नातवंडे अभियांत्रिकी शिकत आहेत. कोणाच्या घरामागे एखादी खोली रिकामी आहे. कोणास उतारवयात हाताला काही उद्योग हवा आहे. मग "अण्णा, तुम्ही कोणते घेतले?" असा प्रश्न येतो. घाऊक धान्याच्या व्यापाऱ्याने यंत्रावर काय लिहावे, असे कोणी म्हटल्यास ते रास्तच होय. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. तथापि चुकीचे यंत्र घेऊन त्याची किंमत एकदा मोजून चुकलेला मनुष्य निदान खड्डा कोठे आहे एवढे तरी दाखवू शकतो, याच भरवशावर आम्ही लेखणी उचलली आहे.

प्रथम हे यंत्र हवेच कशाला, हे पाहू. हातात धरून चालविण्याचे विजेचे ड्रिल आता बहुतेक घरांत असते. भिंतीत खिळपट्टी बसविण्यास, पडद्याची दांडी लावण्यास ते पुरेसे आहे. परंतु लोखंडी पट्टीत सरळ, काटकोनात व नेमक्या मापाचे भोक पाडावयाचे झाल्यास हात हलतो, आणि भोक तिरपे जाते किंवा लांबट होते. उभ्या यंत्रात ड्रिल एका नळीत बसविलेल्या दांड्यावर फिरते, ती नळी दात्यांच्या पट्टीवर वरखाली सरकते, आणि आपण बाजूची मूठ ओढतो. मुठीच्या लांबीमुळे हाताचा थोडा जोर ड्रिलच्या टोकावर कितीतरी पटीने पडतो. मार्ग मात्र रेसभरही बदलत नाही. एकाच खोलीची पन्नास भोके हवी असतील तर खोलीचा थांबा लावून ती पन्नासही सारखी पडतात. गोदामातील चाळणीच्या चौकटी, कपाटांच्या बिजागऱ्या, मांडणीच्या लोखंडी पट्ट्या, दाराच्या पितळी पाट्या, अशी कामे घरच्या घरी होतात. एक गोष्ट मात्र आपल्या लोकांनी ध्यानात ठेवावी. वजनकाट्याला घरी हात लावू नये. २००९ च्या वैधमापन कायद्यान्वये काट्याची दुरुस्ती परवानाधारकानेच करावयाची असते, आणि हौसेने पाडलेले एक भोक पेढीस महाग पडू शकते.

भोक पाडण्याची विद्या आपल्याकडे नवी नव्हे. दोरी ओढून फिरविण्याचा सामता व हाताने पिळण्याचे गिरमिट ही सुताराची हत्यारे आमच्या लहानपणी प्रत्येक वाड्यात दिसत. आपल्या किल्ल्यातील कमल बस्ती १२०४ मध्ये उभी राहिली. तिच्या छतातील दगडी कमळ पाहताना हाताने चालविलेल्या हत्याराची ताकद काय असते हे कळते. आज सर्वत्र दिसणारे पिळाच्या खाचांचे ड्रिल मात्र अमेरिकेतील स्टीफन मोर्स या कारागिराने १८६३ मध्ये पेटंट केले. त्याच्याच नावाची मोर्स टेपर ही निमुळत्या दांड्याची मापे आजही जगभर चालतात आणि यंत्र घेताना ती आपणांस विचारावी लागतात. विजेचे ड्रिल १८८९ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे आर्नोट व ब्रेन या दोघांनी प्रथम केले. आमच्या बेळगावापुरते बोलावयाचे तर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये येथेच सायकलींचे दुकान काढले, पुढे कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर येथेच केले, आणि १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडल रोड स्टेशनाजवळ कारखाना हलविला. आपल्या समाजातील वालचंद हिराचंद (१८८२-१९५३) हेही सोलापूरच्या व्यापारी घराण्यातलेच. त्यांनी आगबोटी, विमाने व मोटारी यांच्या कारखानदारीत उडी घेतली. पेढीवर बसणाऱ्याने लोखंडास हात लावू नये असा दंडक आपल्याकडे पूर्वीही नव्हता, हे सांगण्यापुरताच हा उल्लेख.

आता आमच्या चुकीकडे वळतो. कारण पुढील सर्व सांगणे तिच्यातूनच निघाले आहे.

२०१९ मध्ये आमच्या नातवाने, तेव्हा तो डिप्लोमाच्या पहिल्या वर्षास होता, यंत्राचा हट्ट धरला. आम्ही त्यास बरोबर घेऊन एका दुकानी गेलो. गव्हाची पोती घेताना आम्ही वरचा दाणा पाहून कधी सौदा करीत नाही. पोकळ सळई पोत्याच्या तळापर्यंत खुपसून वानगी काढतो. त्या दिवशी मात्र आम्ही रंग पाहिला. तांबडाभडक रंग, चकचकीत मूठ, बाजारभावाहून कमी किंमत, आणि इतके हलके की आमच्या दिवाणजीने ते एकट्याने उचलून रिक्षात ठेवले. हलकेपणा हा गुण आहे असे आम्हांस वाटले. दुकानदाराने व्हाइस, म्हणजे जुने मेस्त्री ज्यास शेगडा म्हणतात तो पकडीचा चिमटा, वेगळा घ्यावा लागेल असे सांगितले. आम्ही म्हणालो, "तो पुढच्या वेळी बघू." ही बचत आम्ही केली, दुकानदाराने नव्हे.

तिसऱ्या आठवड्यात नातवाने पातळ पत्र्यात बारा मिलिमीटरचे भोक पाडावयास घेतले. पत्रा डाव्या हाताने टेबलावर दाबून धरला होता. पट्टा सर्वांत वेगाच्या पायरीवर होता, कारण तो बदलावयाचा असतो हे त्यासही सांगितले गेले नव्हते व आम्हांसही ठाऊक नव्हते. ड्रिल पत्र्यातून पार होताना अडकले, पत्रा हातातून सुटला व गरगर फिरला, आणि त्याच्या धारेने अंगठा व तर्जनी यांच्यामधील भाग कापला. सात टाके पडले. बोटे हलतात, लिहिताना त्रास नाही, एवढी कृपा. परंतु आमच्या कुटुंबाने त्याच संध्याकाळी त्या खोलीस कुलूप घातले आणि किल्ली आपल्या कमरेला लावली. आठ महिने ती खोली उघडली नाही. मुलगा जेवावयास बसे, उत्तरे देई, पण पूर्वीसारखा बोलत नसे. आमचा थोरला मुलगा म्हणाला, "बरे झाले, आता पेढीवर तरी बसेल." तो पेढीवर बसला खरा, परंतु त्याचे लक्ष वहीत नसून छताच्या पंख्यात आहे, हे आम्हांस दिसत होते.

त्या दिवसांत उद्यमबागेत चाळीस वर्षे फिटरचे काम करून निवृत्त झालेल्या एका मेस्त्रींस आम्ही घरी बोलाविले. खोली उघडविली. त्यांनी यंत्र चालू न करता प्रथम टेबलाच्या टोकावर नुसता तळहात ठेवून दाबले. टेबल डोळ्यांना दिसेल इतके खाली लवले. मग नळी पूर्ण खाली ओढून चक दोन बोटांत धरून हलविला. तो खुळखुळ्यासारखा हलला. ते म्हणाले, "सावकार, पोराचा दोष चार आणे. बाकीचे बारा आणे ह्या यंत्राचे आणि तुमचे." आम्ही मुकाट्याने ऐकून घेतले.

त्यांनी जे समजाविले ते येथे जरा विस्ताराने देतो, कारण यंत्राची निवड का महत्त्वाची हे त्यातूनच कळते. ड्रिलच्या दोन धारा मध्यभागी एका आडव्या रेघेत मिळतात. ती रेघ कापीत नाही. ती धातूला नुसती चिरडीत पुढे रेटते. मूठ ओढताना लागणाऱ्या जोराचा मोठा भाग या रेघेसाठीच खर्च होतो. भोक पार होण्याच्या क्षणी ही रेघ प्रथम पलीकडे निघते आणि विरोध एकदम नाहीसा होतो. आता यंत्र जर लवचिक असेल, म्हणजे टेबल वाकलेले, खांब ताणलेला व नळी ढिली असेल, तर इतका वेळ दाबून राहिलेला सारा ताण त्या क्षणी मोकळा होतो आणि ड्रिल आपण न ओढता स्वतःच पुढे झेपावते. त्याच्या पिळाच्या खाचा पत्र्याच्या उरलेल्या कडेस स्क्रूप्रमाणे पकडतात. पत्रा घट्ट धरलेला नसेल तर तो ड्रिलबरोबर फिरू लागतो. ड्रिल जितके मोठे, पत्रा जितका पातळ व वेग जितका अधिक, तितका हा झटका वाईट. यंत्र जड व ताठ असेल तर झेप लहान असते. माल व्हाइसमध्ये किंवा शिकंज्यात आवळलेला असेल तर फिरण्यास तो मोकळाच नसतो. म्हणजे जडपणा व पकड या दोन गोष्टींवर आम्ही जे वाचविले तेच त्या मुलाच्या हातातून वसूल झाले.

म्हणून खरेदीस निघताना प्रथम वजन पाहावे. टेबल, डोके व पाया बिडाचे ओतीव असावेत. पत्रा वाकवून किंवा नुसते जोडकाम करून केलेला पाया घेऊ नये. बीड जड असते, शिवाय कंप शोषून घेते. ओतीव कामावर रंग दाट असेल तर कोठे पुट्टी भरली आहे काय हे नखाने व नाण्याने टिचकी मारून पाहावे. ओतकामातील छिद्रे पुट्टीने बुजविण्याची चाल आहे, आणि तळाशी खडे भरलेल्या पोत्याशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांस याहून अधिक सांगण्याची गरज नाही. खांबाचा व्यास जाड असावा. टेबल वरखाली करण्यास दाते व फिरकी असल्यास उत्तम. नुसत्या आवळपेचावर सरकणारे जड टेबल एकट्या माणसाच्या पायावर येऊ शकते.

यंत्राचे माप आपल्याकडे मिलिमीटरमध्ये सांगतात : तेरा, सोळा, वीस, पंचवीस. पोलादात जास्तीत जास्त केवढे भोक पडेल याचे ते माप होय. घरच्या कामातील बहुतेक भोके तीन ते दहा मिलिमीटरची असतात, त्यामुळे तेरा मिलिमीटरचे, टेबलावर बसणारे यंत्र पुरेसे आहे. सोळा घेतल्यास बिघडत नाही. पंचवीसचे यंत्र घरात आणणे म्हणजे एका शेर तांदळासाठी पोते उचलणाऱ्या ट्रकचा काटा बसविण्यासारखे आहे. शिवाय त्याचा सर्वांत जास्त वेगही बहुधा कमी असतो व बारीक ड्रिले त्यावर नीट चालत नाहीत. जमिनीवर उभे राहणारे लांब खांबाचे यंत्र उंच वस्तूंसाठी उपयोगी; ज्यांस लाकडी पाय, चौकटी यांच्या टोकांत भोके पाडावयाची आहेत त्यांनी त्याचा विचार करावा.

दुकानदार सहसा सांगत नाही ते दुसरे माप म्हणजे खांबापासून ड्रिलच्या मध्यापर्यंतचे अंतर. हे अंतर शंभर मिलिमीटर असेल तर दोनशे मिलिमीटर रुंद पाटीच्या मध्यभागी आपण पोचू शकतो, त्याहून रुंद पाटीच्या नाही. लाकूडकाम करणाऱ्याने हे अंतर आधी मोजावे. अमेरिकन यंत्रांत याच अंतराची दुप्पट करून माप सांगतात. तेव्हा विदेशी यंत्राच्या पत्रकातील मोठा आकडा पाहून हुरळून जाऊ नये. तिसरे, नळी किती खाली येते. पन्नास मिलिमीटर हे कमीत कमी. ऐंशीच्या आसपास असल्यास जाड लाकडात दोनदा टेबल उचलण्याचा त्रास वाचतो.

आता वेगाविषयी. या एकाच बाबीत हिशेबी मनुष्याचे डोके यंत्रापुढे चालते, म्हणून ती आम्हांस विशेष आवडली. ड्रिल जितके जाड तितके त्याने सावकाश फिरावयास हवे, कारण धारेच्या टोकाचा धावण्याचा वेग महत्त्वाचा असतो. साध्या मऊ पोलादास हायस्पीड स्टीलच्या ड्रिलसाठी धारेचा वेग मिनिटाला सुमारे पंचवीस मीटर धरतात. त्यावरून सोपा हिशेब असा निघतो की आठ हजारास ड्रिलच्या मिलिमीटरांनी भागावे. जो भागाकार येईल तितके फेरे मिनिटाला. तीन मिलिमीटरला सुमारे २६५०, सहाला १३३०, दहाला ८००, तेराला ६१०. ॲल्युमिनियमला याच्या दुप्पट चालते. स्टेनलेस स्टीलला निम्म्याहून कमी ठेवावे आणि जोर चालू ठेवावा. ड्रिल नुसते घासत राहिले तर स्टेनलेस त्या जागी आणखी कठीण होते व मग कोणाचेच ऐकत नाही. पितळेची तऱ्हा निराळी आहे : ते मऊ असूनही ड्रिलला आत ओढते. त्यासाठी जुने मेस्त्री ड्रिलची धार दगडावर किंचित बोथट करून वेगळे ठेवतात. देवघराच्या पितळी वस्तूंवर ज्यांना काम करावयाचे आहे त्यांनी ही गोष्ट अवश्य लक्षात घ्यावी.

वेग बदलण्यासाठी पायऱ्यांच्या दोन पुल्या व पट्टा असतो. मोटर मिनिटाला १४४० फेरे फिरते. मोटरवरील पुली ५० मिलिमीटरची व ड्रिलवरील १२० ची असेल तर ड्रिलचे फेरे सहाशे होतात. घेताना सर्वांत कमी वेग किती, हे अवश्य विचारावे. सहाशेच्या आतबाहेर असेल तर तेरा मिलिमीटरपर्यंतचे काम भागते. मोठ्या गोल करवतीने पत्र्यात खिडक्या पाडावयाच्या असतील तर आणखी कमी लागतो. झाकण उघडून पट्टा स्वतः एका पायरीवरून दुसरीवर घालून पाहावा. ते काम कटकटीचे असेल तर माणूस आळस करतो व एकाच वेगावर सारे उरकतो. आमच्या घरी नेमके तेच झाले होते. इलेक्ट्रॉनिक बटणाने वेग बदलणारी यंत्रे आता मिळतात. सोयीची आहेत, परंतु त्यांचा दुरुस्ती करणारा आपल्या गावात आहे काय, हे आधी पाहावे.

सर्वांत महत्त्वाची परीक्षा दांड्याची. तीन चाचण्या आहेत व कोणत्याही दुकानात त्या पाच मिनिटांत होतात. दुकानदार त्यांस नकार देत असेल तर तेथून उठावे. पहिली, नळी पूर्ण खाली ओढून चक पुढेमागे व डावी-उजवीकडे हलवून पाहावा. हालचाल हाताला जाणवली तर यंत्र सोडावे. दुसरी, चकमध्ये नव्या, सरळ ड्रिलचा गुळगुळीत दांडा उलटा धरावा, त्याला डायल गेजचे टोक लावावे व पट्टा हाताने फिरवावा. घरच्या कामास चकजवळ पाच शतांश मिलिमीटरपर्यंतचा डगमग आम्ही चालवून घेतो. एक दशांशावर काटा गेला तर नाही. डायल गेज आपल्याजवळ नसेल तर कोणा कारखानदार मित्राकडून एका दिवसासाठी आणावे. तिसरी चाचणी आम्हांस त्या मेस्त्रींनी शिकविली व ती फुकट आहे. जाड तार दोनदा वाकवून तिचे एक टोक चकमध्ये धरावे, दुसरे टोक टेबलाच्या कडेजवळ टेकावे. पट्टा हाताने हळू फिरवून ते टोक टेबलावर पुढे, मागे, डावीकडे व उजवीकडे आणावे आणि प्रत्येक ठिकाणी कागदाची चिठ्ठी सरकवून पाहावी. डावी-उजवीकडचा फरक टेबलाखालचा बोल्ट सैल करून काढता येतो. पुढे-मागेचा फरक बहुतेक यंत्रांत काढता येत नाही, तो ओतकामातलाच असतो. म्हणून पाहावयाचे ते पुढे-मागे.

मोटरीविषयी थोडक्यात. तेरा मिलिमीटरच्या यंत्रास अर्धा अश्वशक्ती, म्हणजे सुमारे ३७३ वॅट, पुरते. घरात एकफेजी २३० व्होल्टची घ्यावी. कारखान्यातून जुनी यंत्रे निघतात ती बहुधा तीनफेजी ४१५ व्होल्टची असतात. ती स्वस्त व भक्कम असतात, परंतु मोटर बदलण्याचा किंवा वेगनियंत्रक बसविण्याचा खर्च त्यांत धरावा. वीज जाऊन परत आली तर यंत्र आपोआप सुरू होऊ नये असा स्विच अवश्य मागावा. आपल्या भागात वीज सांगून जात नाही.

चक तेरा मिलिमीटरचा, किल्लीने आवळणारा असतो. लहान यंत्रांत तो निमुळत्या दांड्यावर नुसता ठोकून बसविलेला असतो; मोठ्या यंत्रांत मोर्स टेपर दोन नंबरचा गाळा असतो, त्यात जाड ड्रिले सरळ बसतात. असा गाळा मिळत असेल तर थोडे अधिक मोजावे. मात्र हे निमुळते सांधे खालून वर येणारा जोर सोसतात, बाजूचा सोसत नाहीत. यंत्रावर खाचा मारण्याचा प्रयोग काही तरुण करतात. त्यात चक निखळून खाली येतो.

किंमत विचारताना ती मोटरसह की मोटरवाचून, चकसह की चकवाचून, व्हाइससह की वाचून, जी.एस.टी. धरून की वगळून, ही चारही उत्तरे कागदावर घ्यावीत. राजकोट, लुधियाना व बटाला येथील माल आपल्याकडे भरपूर येतो, बाहेर देशचाही येतो. चांगला व वाईट दोन्ही सर्व ठिकाणांहून येतो. एक सूचना व्यापारी या नात्याने : घरच्या हौसेचे यंत्र पेढीच्या नावावर घेऊन कराची वजावट मागू नये. ती मिळत नाही, आणि मागितल्यास पुढे उत्तरे द्यावी लागतात. व्हाइस, दोन शिकंजे, सेंटर पंच, चष्मा व एक ते दहा मिलिमीटरचा हायस्पीड स्टीलचा ड्रिलसंच, हे सर्व पहिल्याच दिवशी घ्यावे. पैसे कमी पडत असतील तर महिनाभर थांबावे, पण व्हाइसवाचून यंत्र घरी आणू नये.

बसविण्यात एवढेच सांभाळावे की पाया जाड फळीस बोल्टांनी आवळलेला असावा आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतलेले असावे. काम करताना हातमोजे घालू नयेत. हे ऐकून पुष्कळांस नवल वाटते, परंतु फिरते ड्रिल मोज्याचा धागा पकडते व हात सोबत नेते. उपरणे, सैल बाह्या, गळ्यातील साखळी, स्त्रियांनी पदर व केस, यांची तीच गोष्ट. चकची किल्ली चकमध्ये विसरून स्विच दाबणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. आमच्या यंत्रास ती किल्ली आम्ही स्विचच्याच खुंटीला टांगतो. मोठे भोक एकदम पाडू नये. आधी चार मिलिमीटरचे पाडावे म्हणजे ती मधली न कापणारी रेघ बिनकामाची होते व पुढचे ड्रिल लोण्यासारखे जाते. पातळ पत्रा दोन लाकडी फळ्यांमध्ये दाबून आवळावा.

आपल्या आचाराशी संबंध असलेल्या दोन-तीन बाबी येथेच सांगतो, कारण त्या बाहेरच्या पुस्तकांत सापडणार नाहीत. पोलादात भोक पाडताना धारेवर तेल लागते. जुन्या इंग्रजी पुस्तकांत यासाठी प्राण्यांच्या चरबीचे तेल सांगितले आहे. ते आपणांस चालण्याजोगे नाही, आणि त्याची गरजही नाही. पाण्यात मिसळणारे खनिज तेल बाजारात मिळते, मात्र डब्यावरील मजकूर वाचून व विचारून घ्यावे. थोड्या कामास खोबरेल किंवा सरकीचे तेलही चालते. बीड व पितळ यांस तेल लागत नाही. तेलपाण्याचे मिश्रण साठवून ठेवले तर कुजते व त्यात जीव उत्पन्न होतात. म्हणून कामापुरतेच वाटीभर करावे. तेलकट कीस यंत्राखाली साचू देऊ नये, त्यात किडे-मुंग्या अडकतात. चातुर्मासात तर आमच्याकडे काम संपल्याबरोबर ब्रशाने झाडून काढतात. कीस हाताने कधी काढू नये, तो सुरीसारखा असतो. सूर्यास्तानंतर दिव्यावर पतंग येतात म्हणून आम्ही यंत्र दिवसाच चालवितो. आमच्या एका वडीलधाऱ्या आप्तांनी पंधरा कर्मादानांतील यंत्रपीडनाचा प्रश्न काढला होता. तो उल्लेख घाणे, चरक अशा पिळणाऱ्या यंत्रांचा व त्यांच्या धंद्याचा आहे. तरीही ज्यांस शंका असेल त्यांनी महाराजांना विचारावे. आम्ही विचारले, व आमचे समाधान झाले.

पहिले यंत्र आम्ही कोणास विकले नाही. ते दुसऱ्याच्या घरी जाऊन तेथेही तेच करणार, हे ठाऊक असताना विकणे जमले नाही. भंगारात काढून मोटर तेवढी ठेवली. दुसरे यंत्र घेण्यास नातू, मेस्त्री व आम्ही असे तिघे गेलो. चौथ्या दुकानात तारेची चाचणी उतरली. ते यंत्र दोन हमालांनी उचलून आणले, आणि त्यांनी वाटेत दोनदा टेकविले तेव्हा आम्हांस बरे वाटले.

खोलीची किल्ली मात्र अजून आमच्या कुटुंबाच्याच कमरेला आहे. बस्तीतील ग्रंथांसाठी सागवानी मांडणी करावयाची होती, तेव्हा त्यांनी ती प्रथम दिली. अठ्ठेचाळीस भोके, सर्व एका खोलीची. नातवाने ती तीन दिवसांत पाडली; त्या दाराशी पाट टाकून बसल्या होत्या. आता तो नोकरीस लागला आहे व रविवारी घरी येतो. किल्ली मागावयास गेला की त्या आधी त्याच्या बाह्या वर सारलेल्या आहेत काय ते पाहतात, मग व्हाइस आवळून दाखव म्हणतात, आणि मग किल्ली देतात.